एका डीपीवरची माणसं

ही गोष्ट एका डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची आहे. नारायणगाव मागे टाकून मंचरकडे निघालं की जुन्नर तालुका संपतो आणि आंबेगाव सुरू होतो. त्या हद्दीच्या आसपास एक मळा आहे. चौदा घरं, सोळा विहिरी-बोअर आणि या सगळ्यांना वीज देणारी 63 केव्हीएची एकच डीपी. घरातला दिवा तिच्यावर, विहिरीवरची मोटर तिच्यावर, दूध थंड ठेवणारा फ्रीजही तिच्यावरच. मळ्यात भाऊबंदकीचे तीन खटले चालू होते आणि दोन बांधांवरून बोलणं बंद होतं. तरी रात्री डीपीचा फ्यूज गेला की चौदाही घरं एकाच वेळी अंधारात जात.

या मळ्यात एक सवय कशी लागली, ते आधी सांगायला हवं. एका पिढीपूर्वी इथं पावसाच्या भरवशावरची बाजरी आणि हुलगा निघायचा. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं, विहिरींना पाझर लागला आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस वर्षभर दाट उभा असतो. त्या दाटीत बिबट्याला आडोसा मिळाला, जवळ पाणी मिळालं, गोठ्याशेजारी कुत्री-शेळ्या मिळाल्या. आता कितीतरी बिबट्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. ते उसात जन्मले आणि उसातच वाढले. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभारावं लागलं. आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज तर पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आता पुष्कळ ठिकाणी सौर वाहिनीवरून दिवसा वीज मिळू लागली आहे, पण या मळ्यापर्यंत ती तेव्हा पोचलेली नव्हती.

रात्री एक वाजता उसातून विहिरीवर जायचं कोणी? म्हणून ऑटोस्विच आला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणसानं अंथरुणातून उठायलाही नको. ऑटोस्विच लावणाऱ्याला नावं ठेवण्याआधी ज्याच्या घरातलं पोर उसाच्या कडेनं उचललं गेलं, त्याच्या दारात एकदा उभं राहावं. भीती खरी होती, तिच्यावरचा उपाय स्वस्त होता. पण सोळा जणांनी तो आपापल्यापुरता केला आणि सोळा मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ लागल्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वायरमन सांगून सांगून थकला होता, "ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, न्हायतर एक दिवस डीपी बसंल." लोक मान डोलवत आणि दुसऱ्याच्या विहिरीकडे बोट दाखवत.

या मळ्यात काकी राहते. नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर, घरी येतो तो सुट्टीला. घर, दोन गाई, दीड एकर आणि दोन मुलं तिच्याकडे. तिची एक वही आहे. दर रविवारी सकाळी गाईचं झालं की ती मीटरपुढे उभी राहते आणि आकडा लिहून घेते. आधी लोक हसायचे. बिल महिन्याला येतं, मग दर आठवड्याला लिहायचं कशाला? पण महिना संपल्यावर आलेलं बिल भरण्यापलीकडे काही करता येत नाही. पंधरा दिवसांनी आकडा पाहिला तर उरलेले पंधरा दिवस हातात असतात.

बिलाची मागची बाजू वाचणारी मळ्यात ती एकटीच. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या 100 युनिटांचा दर सगळ्यात कमी. 101 ते 300 मधलं प्रत्येक युनिट त्याच्या दुपटीच्या आसपास. तीनशेच्या पुढे आणखी महाग. वर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क. मळ्यात सगळ्यांची समजूत अशी, की शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महागाच्या दरानं लागतं. तसं नाही. पहिली शंभर स्वस्तातच राहतात, वरची तेवढी महाग. काकीनं यातून तिचं गणित काढलं. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागाच्या टप्प्यातलंच वाचतं. म्हणून तिनं आधी जुना पंखा काढला. तो 75 वॉटचा, दिवसाला बारा तास फिरणारा, म्हणजे महिन्याला 27 युनिटं. त्या जागी 28 वॉटचा बसवला, तो दहा युनिटांत भागतो. वाचलेली सतरा युनिटं ही शंभराच्या वरची सतरा. अंघोळीचं पाणी चुलीवर. टाकी भरली की मोटर बंद, वाहून जाऊ द्यायची नाही. तिचं बिल मळ्यात सगळ्यात कमी यायचं. ते कंजूषपणामुळे येतं असं म्हणणारे होते. ती उत्तर देत नसे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी नोंद होती. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून जुन्नर-आंबेगावावरून गेलं. पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबांची हिरड्याची झाडं मुळासकट आडवी झाली, इकडे पत्रे उडाले, खांब झोपले. कोरोनाचे दिवस. गिरणी बंद, घरात पीठ संपलेलं, धान्याची कणगी भरलेली. दाणे आहेत आणि भाकरी नाही, हे काकीनं तेव्हा पाहिलं. नळाला पाणी नाही, कारण नळपाणी योजनेची मोटरही विजेवरच. तेव्हापासून मे लागला की ती पंधरा दिवसांचं दळण आधी करून ठेवते. ढग दाटले की टाकी आणि दोन पिंपं भरते. मोबाईल चार्जिंगला लावते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघते. त्या इन्व्हर्टरवर तिनं तीन दिवे, एक पंखा आणि गोठ्याबाहेरचा दिवा एवढंच जोडलेलं आहे. टीव्ही नाही, मिक्सर नाही. 12 व्होल्टची 150 एएचची बॅटरी कागदावर 1.8 युनिटांची असते, हातात त्याहून कमीच येतं. ते रात्रभर पुरवायचं तर काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. शेवटच्या पानावर सगळ्यात वर तिचा 12 आकडी ग्राहक क्रमांक आणि 1912 हा तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात. अंधारात बिल शोधत बसायला लागू नये म्हणून.

तिचे मोठे दीर, अण्णा, शेजारच्या बंगल्यात. दोन वर्षं टोमॅटोला बाजार सापडला आणि बंगला उभा राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हा मळ्यात पहिला अर्ज अण्णांचा. छतावर 3 किलोवॉटचं सोलर, त्यावर 78 हजारांचं अनुदान. चांगलं काम केलं त्यांनी. दिवसाला दहा-बारा युनिटं तयार होऊ लागली, वापरून उरलेली ग्रिडला जाऊ लागली आणि बिल आलं ते जवळजवळ फक्त स्थिर आकाराचं. अण्णांनी ते बिल चावडीवर दाखवलं. मग घरात दुसरा फ्रीज आला, गीझर आला, एसी आला. काकीला ते म्हणाले, "आता तुझी वही ठेव बाजूला. आपल्याला आता लाईट गेली काय न राहिली काय."

सोलर बसवणाऱ्याला त्यांनी पैसे विचारले, अनुदान विचारलं, हमी किती वर्षांची ते विचारलं. लाईट गेल्यावर काय होतं, हे मात्र विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, कारण सूर्य तर जात नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वळीव आला. आधी धूळ, मग वारा, मग गारा. कडेच्या बाभळी तारांवर पडल्या, तीन खांब वाकले आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन कडक आणि अण्णांच्या बंगल्यात अंधार. छतावर पॅनल उन्हात चमकताहेत आणि खाली पंखा फिरत नाही. अण्णांनी बसवणाऱ्याला फोन लावून जे बोलू नये ते बोलून घेतलं.

वायरमन मोटरसायकलवरून तारा बघत चालला होता. अण्णांनी त्याला थांबवलं. तो म्हणाला, "बिघाड काय न्हाय, अण्णा. ते तसंच बनवलंय. बाहेरचा पुरवठा गेला की सोलरचा तो डबा बंद पडायलाच पाहिजे."

"का म्हणून? ऊन माझं, छत माझं."

"तार माझी हाय ना. तुमची वीज तारंत आली आणि मी खांबावर असलो, तर? म्हणून बंद पडतो. अंधारात चालवायचं आसंल तर बॅटरीवालं, हायब्रीड घ्यावं लागतं. त्याचा खर्च येगळा." एवढं सांगून तो गेला. त्याला तीन खांब उभे करायचे होते.

अण्णांना ते पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा, फसल्यासारखं वाटलं. आणि त्यांची एक खरी काळजी होती. आई त्यांच्याकडे होती. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, त्याच्या कुप्या फ्रीजमध्ये आणि फ्रीज बंद.

काकी दुपारी सासूला बघायला आली तेव्हा फ्रीजचं दार दर तासाला उघडून बघणं चाललं होतं. तिनं आधी ते थांबवलं. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास धरतो, आणि आता तर जवळजवळ दिवस उलटला होता. मग तिनं डॉक्टरांना फोन लावला. चालू कुपी काही आठवडे फ्रीजबाहेर राहिली तरी चालते, फक्त उन्हाच्या तडाख्यात नको. न उघडलेल्या कुप्या मात्र गार ठेवायच्या, आणि बर्फात गाडायच्या नाहीत, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. काकीनं मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं, मधल्या फटीत ओली वाळू भरली, कुप्या झाकणाच्या डबीत घालून आत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि ते सारं पडवीत वाऱ्याच्या तोंडाला ठेवलं. सासू म्हणाली, "पूर्वी दूध असंच ठेवायचो." अण्णांनी बघितलं, पण मडक्यावर त्यांचा जीव बसेना. लाखांचा बंगला आणि औषध मडक्यात.

दोन रात्री अशा गेल्या. काकीच्या गोठ्याबाहेरचा एकच दिवा मळ्यात जळत होता. दुसऱ्या रात्री तीन घरांनी आपल्या शेळ्या तिच्या गोठ्यात आणून बांधल्या. पीठ संपलेल्या दोघी पायली घेऊन आल्या, तिनं मोजून दिलं आणि वहीत लिहून ठेवलं. उसनं ते उसनं.

तिसऱ्या दिवशी रात्री नऊला लाईट आली. मळ्यात पोरांनी ओरडा केला. आणि तो ओरडा संपायच्या आत सोळा ऑटोस्विच जागे झाले. तीन दिवसांची तहानलेली रोपं, सोळा मोटरी, वर प्रत्येक घरातला फ्रीज, गीझर, चार्जर. दिवे लाल झाले, बांधाकडून एक दणका आला आणि पुन्हा काळोख. या वेळी वासही आला, जळालेल्या तेलाचा. डीपी गेली होती.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. वादळ कोणाच्या हातात नव्हतं. महावितरणची माणसं दोन रात्री चिखलात उभी राहून खांब लावत होती आणि लाईट आली होती. त्यानंतरचा काळोख मळ्यानं स्वतः ओढवून घेतला. एकानंही चूक म्हणावी असं काही केलं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या रोपांचा, आपल्या जिवाचा विचार करून लावलेला एकेक छोटा स्विच होता. अशा वेळी दोष कोणाच्या माथी मारायचा हे शोधत बसलं की रात्र तशीच सरते, आणि मळ्यानं नेमकं तेच केलं. रात्री बारापर्यंत डीपीखाली उभं राहून सोळा जणांनी पंधरा जणांना शिव्या घातल्या. अण्णा आणि त्यांचे शेजारचे तात्या यांचं बांधावरून आठ वर्षं बोलणं बंद होतं. त्या रात्री ते बोलले, पण ते लिहिण्यासारखं नाही.

काकी तिथं आली नव्हती. तिनं 1912 लावला, ग्राहक क्रमांक सांगितला, डीपी जळाल्याची तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहिला. सकाळी तीच वही घेऊन दोघं जण कार्यालयात गेले. नवी डीपी आणायला ट्रॅक्टर मळ्याचा, हात लावायला माणसं मळ्याची, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डीपी आली.

त्याच दुपारी अण्णांनी मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. त्यांना आता धीर नव्हता. त्यांच्या मुलानं वायर तयार केली होती, दोन्ही टोकांना पिना लावलेली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी पडवीतल्या सॉकेटमध्ये, की अख्खं घर सुरू. अशी वायर लग्नसराईत कितीतरी घरांत निघते. मुलानं जनरेटरची दोरी हातात धरली होती, तेवढ्यात काकी मडक्यावरचं फडकं ओलं करायला आली.

तिनं वायर बघितली आणि विचारलं, "मेन पाडलाय का?"

"कशाला? बाहेर लाईट हाये कुठं?" अण्णा म्हणाले.

"मेन पाडलाय का, अण्णा?"

"अगं, घरातली वीज घरात राहणार. ती बाहेर कशी जाईल?"

"ज्या वाटंनं येती, त्याच वाटंनं जाईल की."

ती मुलाला म्हणाली, "दोरी सोड." आणि त्यानं सोडली की नाही हे न बघता आत जाऊन तिनं मेन खाली पाडला. मग सॉकेटमधली पिन उपसली. अण्णा संतापले. धाकट्या भावाच्या बायकोनं आपल्या घरात येऊन आपला मेन पाडावा, हे त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं. ती काही बोलली नाही. पडवीच्या पायरीवर उभं राहून तिनं उसाच्या पलीकडे बोट केलं. तिथून डीपीचे खांब दिसतात. नव्या डीपीवर पिवळं हेल्मेट दिसत होतं. वायरमन वर होता आणि मळ्याकडे येणाऱ्या तारा हातात धरून जोडत होता.

अण्णा किती वेळ तिकडे बघत राहिले ते सांगता येणार नाही. मग ते खाली बसले.

संध्याकाळी वायरमन चहाला आला तेव्हा मुलानंच त्याला सगळं सांगितलं. तो कपातला चहा विसरला. "वरच्या 11 हजारच्या लाईनीला आम्ही अर्थिंग लावलेलं आसतं," तो म्हणाला. "पण खालच्या तारा माझ्या हातात होत्या. आणि बाकीच्या जागी, जिथं अर्थिंग न्हाय, तिथं तर घरातली 230 डीपीतून उलटी गेली की पलीकडं 11 हजार होऊन निघती. डीपीला काय कळतं, कुठून आली? ती इकडून आली तर तिकडं चढवती." थोडं थांबून म्हणाला, "तुमचं सोलर का बंद पडतं ते कळलं का आता, अण्णा? त्या डब्याला शिकवलेलं आसतं."

अण्णांनी मान हलवली. आईचं इन्सुलिन मडक्यात तीन दिवस नीट राहिलं होतं. जनरेटर त्याच रात्री परत गेला. पुढच्या महिन्यात त्यांनी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला आणि फ्रीज, आईच्या खोलीतला पंखा आणि दोन दिवे एवढ्यापुरता लहान इन्व्हर्टर. एसी त्यावर नाही.

पण त्या संध्याकाळचा खरा प्रश्न निराळाच होता. वायरमननं सांगून टाकलं की डीपी चार्ज करायला तो तयार आहे, पण सोळा ऑटोस्विच तसेच असतील तर ही डीपीही रात्र काढणार नाही, आणि मग पुढची कधी मिळेल ते त्याला सांगता येणार नाही. मळा डीपीखाली जमला. काकीनं वही उघडली आणि एका पानावर सोळा विहिरी लिहिल्या. कोणाची मोटर किती एचपीची, कोणाचं रोप आहे, कोणाचा नुसता ऊस आहे. रोपं आधी, ऊस शेवटी. पहिल्या चार मोटरी, मग वीस मिनिटांनी पुढच्या चार. लाईट आली की घरात आधी दिवे, अर्ध्या तासानं बाकीचं. प्रत्येक मोटरीला कॅपॅसिटर, त्याची वर्गणी एकत्र काढून.

बारा-तेरा जण हो म्हणाले. तात्या नाही म्हणाले.

"माझा स्विच न्हाय निघणार. माझी विहीर उसाच्या मधोमध. मागच्या महिन्यात तिथं फॉरेस्टनं पिंजरा लावलाय. रात्री दोनला मी एकटा जाऊ? पोराला धाडू? डीपी जळाली तर दुसरी येईल, माणूस येईल का?"

कोणी काही बोलेना. तात्यांचं खरं होतं. इतक्या दिवसांत कोणीही या ऑटोस्विचमागची भीती तोंडानं बोललं नव्हतं. सगळे स्विचबद्दलच भांडत होते. मला वाटतं, तात्या नाही म्हणाले हे बरं झालं. ते हो म्हणून घरी गेले असते आणि चार दिवसांनी गुपचूप स्विच परत लावला असता, तर त्या पानाचा कागदापलीकडे काही उपयोग नव्हता.

काकी म्हणाली, "एकट्यानं जायचं कोणी सांगितलं?" तिनं पानावर आडवी रेघ मारली आणि सोळा विहिरींच्या आठ जोड्या केल्या, शेजारशेजारच्या. रात्रीची पाळी असेल तेव्हा दोघांनी मिळून दोन्ही मोटरी सुरू करायच्या. वनविभागाची माणसं गावोगाव हेच सांगतात, की एकट्यानं जाऊ नका, बॅटरी घ्या, हातात काठी ठेवा, मोठ्यानं बोलत जा किंवा मोबाईलवर गाणी लावा. माणसाची चाहूल लागली की बिबट्या सहसा वाटेतून बाजूला होतो.

जोड्या वाचून दाखवताना सातव्या जोडीला ती अडखळली. तात्यांच्या विहिरीला शेजार एकच होता. बांधापलीकडची अण्णांची विहीर.

तात्या म्हणाले, "त्यांच्याबरोबर? मी बिबट्याबरोबर जाईन."

अण्णा दुपारपासून फारसे बोलले नव्हते. ते म्हणाले, "लिही. सातवी जोडी. लिही तू." मग तात्यांकडे न बघता म्हणाले, "पहिली मोटर तुमची. तुमचं ढोबळीचं रोप हाये. माझा ऊस आहे, तो कुठं जात न्हाय."

त्या रात्री थ्री फेज साडेबाराला आली. आधी दिवे लागले. मग पहिल्या चार मोटरींचा आवाज आला, आणि वीस मिनिटं मळा डीपीकडे कान लावून बसला. काही झालं नाही. मग पुढच्या चार. सातव्या जोडीची पाळी यायला दोन वाजत आले. दोन बॅटऱ्यांचे झोत उसाच्या कडेनं निघाले. तात्यांच्या मोबाईलची चार्जिंग संपली होती आणि अण्णांच्या मोबाईलमध्ये गाणी नव्हती. मोठ्यानं बोलणं तर भाग होतं. आठ वर्षांत दोघांकडे एकच विषय साठलेला होता.

"बांध तुम्ही दोन हात आत घेतला," तात्या ओरडून म्हणाले.

"मोजणी आणा!" अण्णा ओरडले. "मोजणी आणा आणि दाखवा!"

"मोजणीचे पैसे कोण भरणार?"

"निम्मे निम्मे!"

"मग आधीच का न्हाय बोलला तसं?"

"तुम्ही बोलायला उभे राहिला होता का कधी?"

पहिल्या विहिरीवर मोटर सुरू झाली. पाणी पाटात पडल्याचा आवाज काकीच्या अंगणापर्यंत आला आणि त्याच्यावरून दोघांचा. ते बांध ओलांडून दुसऱ्या विहिरीकडे चालले होते, आणि आता विषय मोजणीसाठी अर्ज कोणाच्या नावानं करायचा यावर आला होता. काकीनं वहीत सातव्या जोडीपुढे वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं, आणि आठव्या जोडीला उठवायला पोराला पाठवलं.